पावतीवर नाण्याचं नाव लिहा

महाराष्ट्रातल्या जुन्या नाण्यांच्या व्यापाऱ्यांस,



तुमच्यापैकी काहींना मी चेहऱ्याने माहीत असेन. प्रदर्शनात चांदीच्या टेबलांभोवती गर्दी असते तेव्हा तांब्याच्या पेटीपाशी भिंग घेऊन बसलेली बाई, ती मी. साताऱ्यात शाळेत इतिहास शिकवते आणि मराठेशाहीतली नाणी जमवते. माझी खरेदी शिक्षकाच्या पगारात बसेल एवढीच असते. लिलावात लाखाची बोली लावणाऱ्यांचं म्हणणं तुमच्यापर्यंत आपोआप पोचतं. महिन्या-दोन महिन्यांनी एखादं नाणं घेणाऱ्यांचं पोचत नाही, आणि दुकान बारा महिने उघडं राहतं ते बहुतेक त्यांच्याच जिवावर. म्हणून हे पत्र सगळ्यांच्या देखत लिहिते आहे.

मागणं एकच आहे. विकलेल्या प्रत्येक नाण्याची पावती द्या. 'जुनं नाणं, नग एक' अशी नको. नाणं कोणाचं, कुठल्या टांकसाळीचं, कोणत्या धातूचं, वजन किती, अस्सल की प्रतिकृती, हे तुमच्या हाताने लिहिलेली पावती द्या. जे नक्की सांगता येत नाही ते 'सांगता येत नाही' असंच लिहा. आणि नाणं खोटं ठरलं तर पैसे परत मिळतील, ही ओळ खाली सहीसह घाला.

हे जमणारं आहे, हे मला ठाऊक आहे, कारण मी ज्यांच्याकडून नाणी घेते ते काका वर्षानुवर्षं असंच करत आले आहेत. त्यांचं दुकान एका जिल्ह्याच्या गावी, सराफांच्या ओळीच्या टोकाला, दोन माणसं बसली की भरणारं. नाव छापलेलं त्यांना आवडणार नाही, म्हणून लिहीत नाही. त्यांचं पावतीपुस्तक कार्बन घालून लिहायचं, साधं. त्यातल्या एका पावतीवरचा मजकूर असा आहे : 'शिवराई, दुदांडी. तांबं. पेशवेकाळ किंवा त्यानंतरची. टांकसाळ सांगता येत नाही. वजन ९.१ ग्रॅम. अस्सल.' नाण्याची किंमत एका साध्या जेवणाच्या थाळीपेक्षा फार जास्त नव्हती. तरीही त्यांनी काटा काढला, वजन केलं, चष्मा पुसून पुन्हा एकदा अक्षरं पाहिली आणि मग लिहिलं. त्या पावतीवरच्या 'सांगता येत नाही' या तीन शब्दांमुळे मी त्यांची कायमची गिऱ्हाईक झाले.

शिवराईचं उदाहरण मुद्दाम घेतलं. २०२४ साली शिवराज्याभिषेकाला ३५० वर्षं पूर्ण झाली. त्या सुमारास माझ्या ओळखीतल्या कितीतरी जणांनी देवघरात ठेवायला, मुलीच्या वाढदिवसाला द्यायला, नव्या दुकानाच्या गल्ल्यात ठेवायला शिवराई घेतली. त्यांतल्या बहुतेकांना ती 'प्रत्यक्ष महाराजांच्या काळातली' म्हणून विकली गेली. एका बाजूला तीन ओळींत 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. ही अक्षरं स्वतः वाचता आली की मराठी माणसाला भरून येतं. त्या क्षणी तो भाव करत नाही, आणि प्रश्नही विचारत नाही.

तुम्हाला मात्र सगळं माहीत असतं. १६७४ च्या राज्याभिषेकाने सुरू झालेली ही अक्षरं पुढे दीडशे वर्षांच्या आसपास तांब्यावर उमटत राहिली. पुढच्या छत्रपतींच्या कारकिर्दीत, पेशव्यांच्या अमदानीत, परवाना घेऊन चालवलेल्या ठिकठिकाणच्या खासगी टांकसाळींत शिवराई पडत होती आणि एकोणिसाव्या शतकातही बाजारात चालत होती. म्हणून तर तिचे इतके प्रकार आहेत. कुठे 'शिव', कुठे 'सिव', कुठे अक्षरं ठशात अर्धीच आलेली, वजनंही एकसारखी नाहीत. महाराजांच्या हयातीतली शिवराई कोणती हे ठरवताना अभ्यासक अक्षरांचं वळण, कडेची ठिपक्यांची किनार आणि वजन यांचा मेळ घालतात, आणि तरीही त्यांचं एकमत होत नाही. मधे दोन आडव्या रेघा असलेली दुदांडी तर उघडच उत्तरकाळातली. रविवारी जुन्या बाजारात गोणपाटावर ढीग लागतो त्यात बहुतांश हीच असते.

हे गिऱ्हाइकाला सांगितलं तर तो उठून जाईल, अशी भीती तुम्हाला वाटत असेल. माझा अनुभव उलट आहे. काकांनी मला ती दुदांडी हातात देताना सांगितलं, "बाई, ही महाराजांच्या वेळची नाही. पण महाराजांना जाऊन शंभर वर्षं झाल्यावरही पैशावर त्यांचंच नाव घालावं असं लोकांना वाटत होतं, त्याचा हा पुरावा आहे." मी ती वर्गात घेऊन गेले. सातवीच्या मुलांना त्या एका वाक्यावर तासभर बोलता आलं. खोट्या कालखंडाने ते नाणं महाग झालं असतं, पण मुलांना शिकवण्यासारखं त्यात काही उरलं नसतं. शिवाय इयत्ता चौथीपासून महाराजांचा इतिहास शिकणाऱ्या मुलांच्या हातात मी खोटा पुरावा दिला असता, आणि तो दोष तुमच्या-माझ्या दोघांच्या माथी आला असता.

होनाबद्दल तर अधिक स्पष्ट बोलायला हवं. शिवकालीन सोन्याचे अस्सल होन जगात फार थोडे आहेत. तरी 'आजोबांच्या पेटीत सापडलेला होन' बाजारात दर मोसमाला निघतो. प्रतिकृती विकण्यात गैर काही नाही. शाळांना, नाटकवाल्यांना, घरात आठवण म्हणून ठेवणाऱ्यांना ती हवीच असते. ती प्रतिकृती म्हणून विका आणि पावतीवर तसं लिहा. जो ते लिहायला तयार नाही, तो ती कशासाठी विकतो आहे हे गिऱ्हाइकाने तिथेच ओळखावं.

बनावट नाणी कशी ओळखायची हे मला पुस्तकांआधी दुकानात कळलं, आणि हा तुमच्या धंद्याचा मोठा उपकार मी मानते. काकांनी एकदा क्षत्रप नहपानाच्या नावाची चांदीची दोन नाणी शेजारी ठेवून म्हटलं, "बघा, काय दिसतं?" दोन्ही सुरेख होती. बऱ्याच वेळाने लक्षात आलं की दोघांच्या कडेला एकाच जागी, एकाच लांबीची चीर आहे. हाताने ठसा मारून पाडलेली दोन नाणी एकाच ठशाची असू शकतात, पण धातूचा गोळा दर वेळी वेगळा फुटतो, ठसा दर वेळी थोडा सरकतो. चीर, कड आणि ठशाचं सरकणं तंतोतंत जुळलं म्हणजे दोन्ही एकाच साच्यातून ओतलेली. मग त्यांनी ओतीव नाण्यावरची बारीक छिद्रं दाखवली, अक्षरांच्या बोथट कडा दाखवल्या, जोडाची रेघ घासून काढलेली कड नखाने जाणवून दिली. ती दोन नाणी त्यांनी पैसे मोजून घेतलेली होती. विकायची नाहीत म्हणून लाल कागदात गुंडाळून वेगळी ठेवली होती. तुमच्याकडेही अशी नाणी असतील. ती पुन्हा पेटीत जाऊ देऊ नका. नव्या गिऱ्हाइकाला शिकवायला त्यांच्याइतकं चांगलं साधन नाही.

ब्रिटिश रुपयाच्या बाबतीत काम थोडं सोपं आहे, कारण तिथे प्रमाण ठरलेलं आहे. वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे एक तोळा, आणि १९४० मध्ये चांदी निम्म्यावर आणेपर्यंत शेकडा साडेएक्याण्णवच्या वर शुद्ध चांदी. सहाव्या जॉर्जचा १९३९ चा रुपया फार दुर्मीळ, म्हणून दुसऱ्या सालाच्या रुपयावरचा शेवटचा आकडा कोरून १९३९ करणारे लोक आहेत. तो रुपया साध्या भिंगाखालीही पकडता येतो, पण पाहायचं कुठे हे कोणीतरी दाखवावं लागतं. ते दाखवणारा माणूस तुमच्याच गल्ल्यामागे बसलेला असतो.

आणखी एक प्रकार आहे, ज्याबद्दल तुम्ही सगळ्यांनी मिळून बोलावं अशी माझी कळकळीची विनंती आहे. ईस्ट इंडिया कंपनीचं नाव आणि १८१८ सारखं एखादं साल घातलेली, मागे रामदरबार, हनुमान किंवा कमळ असलेली नाणी गावोगाव फिरतात. कंपनीने अशी देवादिकांची नाणी कधीच पाडली नाहीत. देवस्थानांतून मिळणाऱ्या रामटंक्या ही वेगळी, भक्तिभावाने ठेवण्याची वस्तू आहे. ती चलन नव्हे. पण कंपनीच्या नावाच्या या बनावट नाण्यांना 'तांदूळ ओढणारं नाणं' म्हणून लाखो रुपये लावायला लोक तयार होतात. त्यापायी शेतं गहाण पडल्याच्या बातम्या आपण वाचतो. वैष्णोदेवीचं चित्र असलेल्या पाच आणि दहा रुपयांच्या नाण्यांना लाखांची किंमत येते, ही अफवाही अजून थांबलेली नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये खुद्द रिझर्व्ह बँकेला पत्रक काढावं लागलं, की जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीत आपला काही संबंध नाही आणि आपल्या नावाने कोणी शुल्क किंवा कमिशन मागत असेल तर ती फसवणूक आहे. ते पत्रक मराठीत, मोठ्या अक्षरांत, प्रत्येक नाण्यांच्या दुकानात लावलेलं असायला हवं. माझ्या पाहण्यात ते एकाच दुकानात आहे.

आता विकण्याकडून घेण्याकडे येते. माझ्या मते व्यापाऱ्याचा खरेपणा कळतो तो विकताना नव्हे, विकत घेताना. मी तर ओळखीच्या गिऱ्हाइकांत मोडते. मला फसवणं तोट्याचं आहे, कारण मी पुन्हा येणार असते आणि चार जणांना सांगणार असते. पण सासूबाईंच्या मागे उरलेला डबा घेऊन कोणी बाई पहिल्यांदाच दुकानाची पायरी चढते, तिला आत काय आहे हे माहीत नसतं. ती पुन्हा येण्याचं काही कारण नसतं, आणि तिला कमी पैसे दिले हे जगात कोणालाच कळणार नसतं.

असा एक प्रसंग मी काकांच्या दुकानात बसले असताना घडला. एक बाई रुपयांचा हार घेऊन आल्या. व्हिक्टोरिया, एडवर्ड, पंचम जॉर्ज असे मिश्र रुपये, प्रत्येकाला वर कडी डाखलेली. काकांनी एकेक रुपया उलटून पाहिला आणि सांगितलं, "कडी डाखलेल्या रुपयाला संग्राहक जास्त देत नाहीत. हे सराफाकडे न्या, चांदीचा भाव मिळेल. मी त्याहून जास्त देऊ शकणार नाही आणि कमी देणं बरोबर नाही." मग डब्याच्या तळाशी सुटा पडलेला एक रुपया त्यांनी बाजूला काढला. तो १९११ चा पंचम जॉर्जचा होता. त्या वर्षीच्या रुपयावर राजाच्या झग्यावर जो हत्ती कोरला होता, तो लोकांना डुकरासारखा दिसला, ओरड झाली, सरकारला ती नाणी मागे घ्यावी लागली आणि १९१२ पासून हत्ती नव्याने, ठळक सोंडेसह कोरला गेला. तुमच्या बोलीत त्याला 'पिग रुपया' म्हणतात. काकांनी बाईंना ही गोष्ट सांगितली, आपण तो कितीला विकू शकू हे सांगितलं, त्यातून आपला नफा किती धरतो हेही सांगितलं आणि उरलेले पैसे देऊ केले. बाई म्हणाल्या, घरी विचारून येते. काकांनी तो रुपया एका पाकिटात घातला, वर साल आणि आपला देऊ केलेला भाव लिहिला आणि परत दिला. दुसऱ्या कुठल्याही दुकानात दाखवता यावा म्हणून. त्या परत आल्या की नाही, मला माहीत नाही. मी मात्र त्या दिवसापासून दुसरीकडे शोधणं थांबवलं.

म्हणून नव्या संग्राहकांना मी एक प्रश्न विचारायला सांगते, आणि तुम्हालाही आधीच सांगून ठेवते म्हणजे तो आगाऊपणा वाटणार नाही : "हेच नाणं सहा महिन्यांनी मी तुमच्याकडेच विकायला आणलं, तर किती द्याल?" विकण्याच्या आणि घेण्याच्या भावात अंतर असणारच. दुकानाचं भाडं, अडकलेले पैसे, तुमचं ज्ञान, सगळं त्या अंतरातच भागतं. ते अंतर उघड सांगणाऱ्या व्यापाऱ्याला कोणीही शहाणं गिऱ्हाईक नावं ठेवणार नाही. जो म्हणतो, "अहो, विकायला कशाला आणाल, भाव वाढतच जाणार," त्याच्या दुकानातून उठावं.

पावतीचा आग्रह मी धरते त्याला कायद्याचाही आधार आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार विकलेल्या मालाचं बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष माल बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवसांत परत घ्यायला नकार देणं, हेही त्याच व्याख्येत येतं. शंभर वर्षांहून जुनं नाणं हे पुरावस्तू व कलानिधी कायदा, १९७२ खाली पुरावस्तू ठरतं आणि पुरावस्तू विकण्याचा धंदा करायला परवाना लागतो. तो परवाना भिंतीवर दिसेल असा लावा. याच कायद्यामुळे पुरावस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. अमेरिकेतल्या भाचीला, दुबईतल्या मुलाला भेट म्हणून शिवराई घेणारी किती मराठी कुटुंबं तुमच्या दुकानात येत असतील! विकण्याआधी त्यांना हे सांगणं तुमच्याशिवाय कोणाला सुचणार? विमानतळावर पेच पडेल तेव्हा तुमची पावती त्यांच्या हातात असेल.

नाणं कुठून आलं, हा प्रश्नही पावतीशीच जोडलेला आहे. १९०६ साली नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभी इथे चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. तेरा हजारांहून जास्त नाणी, सगळी क्षत्रप नहपानाची, आणि त्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला. नहपानाला हरवून सातवाहनांनी हा मुलूख परत घेतला, याचा याहून ठोस पुरावा दुसरा नाही. तो पुरावा उभा राहिला कारण साठा एकत्र मोजला गेला, अभ्यासला गेला. तीच नाणी पाच-पाच, दहा-दहा करून गल्लोगल्ली विकली गेली असती तर आपल्याकडे सुंदर सुटी नाणी राहिली असती आणि प्रमाण हरवलं असतं. जमिनीत सापडलेला दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचा, हा १८७८ चा निखात निधीचा कायदा आजही लागू आहे. नांगरताना मडकं लागलं म्हणून कोणी शेतकरी पिशवी घेऊन आला तर त्याला तुम्ही काय सांगता, यावर या राज्याच्या इतिहासातली किती पानं लिहिली जाणार हे ठरतं. घाबरवू नका. सोबत चला, कळवायला मदत करा. इतिहास शिकवणारी बाई म्हणून माझं तुमच्याकडे सगळ्यांत मोठं मागणं कोणतं असेल तर हे.

मी गावच्या दुकानाची एवढी बाजू का घेते, असं माझे तरुण मित्र विचारतात. फोनवर हवं ते नाणं दिसतं, भाव दिसतो, घरपोच येतं. पण फोटोत नाणं तिरकं धरून उजेडात फिरवता येत नाही, त्याची कड दिसत नाही. चिंचेने किंवा आम्लाने घासून लाल चकचकीत केलेलं तांबं फोटोत फार गोजिरं दिसतं. शेकडो वर्षांत जमलेला तो काळसर थर एकदा गेला की परत येत नाही, हे घेतल्यावर कळतं. आणि दुसरं असं, की प्रत्येक मुलखाचा व्यापारी आपल्या मातीतलं नाणं जास्त जाणतो. नाशिककडच्या माणसाच्या हाताखालून क्षत्रप-सातवाहन जेवढे गेले असतील तेवढे माझ्याकडच्याच्या जाणार नाहीत. अहिल्यानगरचा माणूस निजामशाही तांब्याचा फुलूस अर्धी अक्षरं पाहून ओळखतो. कोल्हापुरात शंभू पीरखानी रुपया विचारावा, गोव्यात पोर्तुगीज नाणी. हे ज्ञान बरंचसं कुठे छापलेलं नाही. मराठ्यांच्या टांकसाळींवर माहेश्वरी आणि विगिन्स यांचं १९८९ चं पुस्तक आहे, नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आणि संग्रहालय आहे. त्यांचा आधार मोठाच. तरी रोज पेटी उपसणाऱ्या माणसाच्या बोटांना जे कळतं त्यातलं पुष्कळ अजून पुस्तकात यायचं आहे, आणि तुमच्यातल्या अनेकांची मुलं आता या धंद्यात येत नाहीत. शक्य असेल तर तुमच्याजवळ बसणाऱ्या एखाद्या मुलाला लिहून घ्यायला सांगा. पावत्यांच्या कार्बन प्रती फेकू नका. कोणतं नाणं कोणत्या गावातून किती वेळा आलं, एवढं जरी त्यांत सापडलं तरी पुढच्या अभ्यासकाला ते धन वाटेल.

आता आमच्या बाजूचं. निष्ठेची अपेक्षा तुम्ही आमच्याकडून करता, ती रास्त आहे, आणि आम्ही त्यात कमी पडतो. तासभर दुकानात बसून सगळं विचारून घ्यायचं आणि तेच नाणं पन्नास रुपये कमी म्हणून फोनवरून मागवायचं, असं करणारे आहेत. "बिल नको, थोडं कमी करा," असं तर आमच्यातलेच लोक आधी म्हणतात, आणि मग नाणं खोटं निघालं की ओरडतात. मी माझ्यापुरतं सांगते. ज्याच्याकडून शिकले त्याच्याकडून घेईन. बिलाशिवाय सवलत मागणार नाही. ठेवून घ्यायला सांगितलेलं नाणं ठरल्या दिवशी पैसे देऊन उचलीन, आणि नको झालं तर त्याच दिवशी कळवीन म्हणजे दुसऱ्या गिऱ्हाइकाला देता येईल. माझ्या मागे हा संग्रह विकायची वेळ आली तर तो कुठे न्यायचा, ते मी पावत्यांच्या फाईलवर लिहून ठेवलं आहे.

काकांकडे प्रत्येक नेहमीच्या गिऱ्हाइकाची एक वही आहे. मी काय काय घेतलं ते त्यात असतं. मागे एकदा एक शिवराई मला फार आवडली, पैसे काढले, तेव्हा त्यांनी वही उघडली आणि म्हणाले, "हा प्रकार तुमच्याकडे आहे, याहून चांगला. कशाला घेता?" त्या दिवशी त्यांची विक्री झाली नाही. त्यानंतरची माझी सगळी खरेदी त्यांच्याकडे झाली. हवं ते नाणं त्यांच्याकडे नसेल तर ज्या दुसऱ्या व्यापाऱ्याकडे चांगलं मिळेल त्याचं नाव ते स्वतः देतात, आणि त्यांनी नाव दिलं म्हणून मी तिथे निर्धास्त जाते. तुमच्यातल्या सचोटीच्या माणसांनी एकमेकांची नावं अशी उघडपणे घ्यायला लागावं. त्याहून चांगली जाहिरात नाही.

पुढच्या प्रदर्शनांत मी येणार आहे, माझ्यासोबत शाळेतली काही मुलंही असतील. आम्ही ज्या टेबलापाशी थांबू तिथे पावतीपुस्तक आहे का, एवढं आधी पाहू. मला सध्या पुण्याच्या टांकसाळीचा अंकुशी रुपया हवा आहे, साल वाचता येईल असा. नाण्यावर पुण्याचं नाव फारसीत मुहियाबाद असं येतं. १८१८ नंतर पुणं कंपनीकडे गेल्यावरही ती टांकसाळ काही वर्षं त्याच धाटणीचा रुपया पाडत राहिली, त्यामुळे पेशवाईतला कोणता आणि कंपनीच्या अमलातला कोणता हे सालावरून पाहावं लागतं. तुमच्याकडे असेल तर काढून ठेवा. भाव तुम्ही सांगाल तो ऐकेन. पावतीवर पेशवाई की कंपनी, तेवढं लिहून द्या. कंपनी लिहिलंत तरी मी तो घेईन.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक नेहमीची गिऱ्हाईक
सातारा